मदत हवी आहे: पूर्ण लांबीच्या स्वतंत्र चित्रपटासाठी तयार पटकथा शोधावी की लेखक?

नमस्कार.

मी स्वतंत्रपणे चित्रपट करतो. आजवर तीन लघुपट झाले असून आता साधारण ९० मिनिटांच्या पहिल्या मोठ्या चित्रपटाची तयारी चालली आहे. छायाचित्रण, ध्वनी आणि संकलन सांभाळणारी माणसे ठरली आहेत, २० दिवसांचे चित्रीकरण निभावेल एवढ्या पैशांची जुळवाजुळवही झाली आहे. नाही ती फक्त पटकथा. लघुपट मीच लिहिले होते, परंतु १२ मिनिटे तोलून धरणारी कल्पना ९० मिनिटांत कशी विरत जाते, हे माझ्या दोन अर्धवट खर्ड्यांनी मला पुरेसे शिकवले आहे. म्हणून दुसऱ्या कुणी लिहिलेली आणि कोणत्याही कादंबरीवर, नाटकावर किंवा परभाषेतील चित्रपटावर न बेतलेली पटकथा मी शोधतो आहे.

गेल्या १४ महिन्यांत ३१ पटकथा वाचल्या. त्यांतल्या बहुतेक वाईट नव्हत्या, हे आधीच सांगितलेले बरे. मात्र कमी खर्चाचा चित्रपट हवा असे कळवले की लेखक पात्रांची संख्या कमी करतात आणि मग त्या दोन पात्रांना रात्रीच्या पावसात वाहत्या रस्त्यावर उभे करतात. खोलीतील दोघांचे बोलणे आणि पावसातील त्याच दोघांचे बोलणे कागदावर सारखीच जागा व्यापते. चित्रीकरणात मात्र पहिले अर्ध्या दिवसात उरकते आणि दुसऱ्याला दिवे, पाणी, गर्दीचा बंदोबस्त व दोन रात्री लागतात. याशिवाय अनेक पटकथांत ‘त्याला वडिलांची तीव्रतेने आठवण येते’ अशा धर्तीची वाक्ये असतात. कथेत ती शोभतील, पण ती वाचून नटाने कॅमेऱ्यासमोर नेमके काय करायचे हे मला समजत नाही.

सर्वाधिक गोंधळ मात्र नॅरेशनने झाला. एका लेखकाने मला दोन तास समोर बसवून संपूर्ण चित्रपट ऐकवला, आणि तो इतका सुरेख ऐकवला की मी तिथल्या तिथे होकार दिला. आठवड्याने हाती आलेले ११० पानांचे बाड वाचताना लक्षात आले की मला आवडले होते ते त्यांचे थांबणे, आवाज खाली आणणे, पात्रागणिक बोलण्याची ढब बदलणे. कागदावर यातले काहीच नव्हते. होकार मागे घेताना आमचे संबंध बिघडले. दोष माझाच होता, कारण वाचण्यापूर्वी मी शब्द दिला होता.

त्यामुळे आता अशी शंका येऊ लागली आहे की तयार पटकथा शोधण्यातच माझी चूक होत असावी. लेखकाकडून कोणत्या टप्प्यावर काय मागवावे, म्हणजे कथाबीज, एक पानाचा सारांश, विस्तृत आराखडा की पूर्ण खर्डा, आणि त्यावरून नेमके काय जोखावे? लेखकाशी करार कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या अटींवर करणे न्याय्य ठरेल? ज्यांनी दोन्हींपैकी कोणत्याही बाजूने हा अनुभव घेतला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

मी पटकथा लिहितो, त्यामुळे माझे मत एका बाजूचे आहे हे गृहीत धरून वाचावे. आपण ३१ पटकथा वाचल्यात याचा अर्थ ३१ जणांनी आयुष्यातले कित्येक महिने विनामोबदला खर्चून तयार केलेले काम आपण नाकारलेत. त्यात गैर काही नाही, पण अनोळखी लेखकाकडे पहिल्याच पत्रात पूर्ण खर्डा मागू नये. एक पानाचा सारांश मागवावा, ज्यात शेवटही स्पष्ट सांगितलेला असेल (‘पुढे काय होते ते पडद्यावरच पाहा’ असे लिहिणाऱ्याला बहुधा शेवट सापडलेला नसतो), आणि त्यासोबत त्यांनी पूर्वी लिहिलेले कोणतेही एक दृश्य. सारांशावरून गोष्ट आहे की नुसती परिस्थिती आहे ते कळते, आणि दृश्यावरून हात कळतो. दृश्यात पात्राला एक हवे असताना ते तोंडाने दुसरेच बोलत असेल, तर त्या लेखकाला भेटावे.

त्यानंतर दोघे-तिघे निवडून त्यांच्याकडून १० ते १५ पानांचा आराखडा पैसे देऊन लिहून घ्यावा. रक्कम लहान असली तरी चालेल, ती शून्य नसावी. गोष्ट कुठे लंगडते ते आराखड्यात उघडे पडते आणि तिथे दुरुस्तीही स्वस्तात होते, कारण मधला अख्खा भाग उपटून टाकला तरी फार तर चार पाने वाया जातात. पूर्ण खर्ड्यात तोच भाग ४० पानांचा असतो, त्यातले संवाद लेखकाला प्रिय झालेले असतात, आणि मग आपण दोघे मिळून मूळ दुखणे सोडून संवादांची डागडुजी करत बसतो.

अटींविषयी थोडक्यात. नुसत्या कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो, ती ज्या शब्दांत मांडली त्यावर असतो. स्वामित्वहक्काविषयीचा आंतरराष्ट्रीय बर्न करार १८८६ चा आहे आणि १९०८ च्या दुरुस्तीपासून सदस्य देशांमध्ये या संरक्षणासाठी नोंदणीची अट घालता येत नाही. नोंदणी पुराव्यासाठी उपयोगी पडते, एवढेच. म्हणून आराखड्यापूर्वीच लेखी करार करावा. कथा, पटकथा आणि संवाद यांचे श्रेय स्वतंत्रपणे कोणाला, किती पुनर्लेखने ठरलेल्या मोबदल्यात, आणि अमुक महिन्यांत चित्रीकरण सुरू झाले नाही तर हक्क लेखकाकडे परत, या तीन गोष्टी त्यात असाव्यातच. शेवटची अट निर्मात्यांना खटकते, परंतु तिच्याअभावी चांगली पटकथा वर्षानुवर्षे कपाटात अडकून पडते.

प्रतिसाद २

मी दिग्दर्शन विभागात सहायक आहे. एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट हा आडाखा ठरावीक मांडणीतल्या, १२ पॉइंटच्या कुरियर या फॉन्टमधल्या (त्यात सगळी अक्षरे सारख्याच रुंदीची असतात) इंग्रजी पटकथेसाठी आहे. देवनागरीत अक्षरांची रुंदी व ओळींमधील अंतर फॉन्टनुसार बदलते, त्यामुळे आपल्याकडे आलेली ११० पाने ८० मिनिटांची असतील किंवा १४० मिनिटांचीही. पाने मोजू नयेत. चार-पाच जणांना बसवून पटकथा मोठ्याने वाचून घ्यावी, वर्णनासाठीही वेळ धरावा आणि घड्याळ लावावे. लेखकाने त्या वेळी खोलीत असावे, पण स्वतः एक ओळही वाचू नये. आपला नॅरेशनचा प्रश्नही त्यातच सुटेल.

खर्चाविषयीची आपली तक्रार रास्त आहे, पण चित्रीकरणासाठी कोणत्या जागा हाताशी आहेत आणि रात्रीचे बाह्यचित्रण किती दिवस परवडेल हे आपण लेखकांना कळवले होते का? ‘कमी खर्चाचा’ एवढ्या शब्दावरून कुणालाच काही उमगत नाही.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. नाही, जागांची यादी मी कुणालाच दिली नव्हती. ती टाळण्याचे कारण असे की उपलब्ध जागांवरून गोष्ट बेतली की ती त्या जागांपुरतीच राहते, हा माझ्या दुसऱ्या लघुपटाचा अनुभव आहे. तरीही रात्रीच्या चित्रणाची मर्यादा कळवायला हवी होती, हे मान्य. आता वाचलेल्या ३१ पैकी दोन लेखकांना मी पुन्हा लिहिणार आहे. त्यांच्या पटकथा मला नको होत्या, पण त्यांची काही दृश्ये अजून डोक्यातून गेलेली नाहीत. एक शंका उरते. मी तिघांना पैसे देऊन आराखडे लिहून घेतले आणि एकच निवडला, तर उरलेले दोन कोणाच्या मालकीचे?

प्रतिसाद १ च्या लेखकाकडून

लेखकांच्या, आणि तसे करारात लिहावे. आपण पैसे दिलेत ते त्यांच्या वेळेचे व पहिल्या निवडीच्या हक्काचे. मात्र कथाबीज आपण पुरवले असेल तर गुंता होतो. तेव्हा त्याचा एक परिच्छेद आधी लिहून, तारीख घालून, दोघांच्या सह्यांसह करारालाच जोडावा.