सीताफळावर मिलीबग आणि मुंग्या, क्रिप्टोलिमस (मिलीबग खाणारे भुंगेरे) सोडावेत का? मदत हवी आहे

पुरंदर भागात सीताफळाची छोटी बाग आहे, फळं सुपारीएवढी झालीत आणि देठापाशी मिलीबग (पिठ्या ढेकूण) बसलाय, खाली पानांवर त्याचा चिकट गोड पाझर पडून काळी बुरशीपण धरलीय. आणि खोडावरून मुंग्यांची रांग काय थांबत नाही. मुंग्यांना तो गोड रस मिळतो म्हणून त्या मिलीबगची राखण करतात, त्याला खाणारा कीडा आला की हुसकावतात, एवढं माहितीय. म्हणजे आधी मुंग्यांचाच बंदोबस्त करावा लागणार.

निंबोळी अर्क मारला, किडलेल्या फांद्या छाटून जाळल्या, खोडाला ग्रीस लावलेली पट्टी बांधली पण खालच्या फांद्या गवताला टेकतात तिथून मुंग्या चढतातच, आणि सगळ्या छाटल्या तर फळ जातंय. रासायनिक फवारणी नको, शेजारी मधाच्या पेट्या आहेत.

आता क्रिप्टोलिमस भुंगेरे सोडायचा विचार आहे. पण झाडावर आत्ताच काही पांढरे, कापसासारखे झुपके असलेले किडे दिसतायत, मिलीबगपेक्षा बरेच मोठे आणि भराभर चालणारे. क्रिप्टोलिमसच्या अळ्या अशाच पांढऱ्या असतात म्हणे (चोराच्या वेशात पोलीस!), म्हणून हाताने वेचणं थांबवलंय.

तर ह्या अळ्या त्याच आहेत हे नक्की कसं ओळखायचं? आणि असतील तर मुंग्या असताना विकतचे भुंगेरे सोडून उपयोग होतो का, का गवत काढून मुंग्या पूर्ण थांबेपर्यंत थांबू?