मदत हवी आहे: वाचक मासिक निवडतो की प्रकाशक वाचक निवडतो? (ब्रिटिश संगीत मासिकं)

नमस्कार मंडळी,

मास कम्युनिकेशनमध्ये एमए करतेय. शेवटचं सेमिस्टर आहे. प्रबंधाचा विषय ब्रिटनमधली संगीत नियतकालिकं, त्यांचे प्रकाशक आणि वाचक त्यातलं नेमकं एखादंच का उचलतो, असा आहे. इथे माध्यमांत काम केलेले आणि जुनं रॉक-पॉप ऐकणारे बरेच जण आहेत, म्हणून धागा काढलाय. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

थिअरी 'यूजेस अँड ग्रॅटिफिकेशन्स'ची घेतलीय. माध्यमं लोकांचं काय करतात हे विचारण्यापेक्षा लोक माध्यमांचं काय करतात ते विचारा, असं एलिहू कॅट्झने १९५९ मध्ये मांडलं. पुढे १९७२ मध्ये मॅक्वेल, ब्लमलर आणि ब्राउन यांनी त्याचे चार कप्पे पाडले: विरंगुळा, माणसांशी नातं, स्वतःची ओळख आणि जगात काय चाललंय यावर नजर. वाचक म्हणजे समोर येईल ते गिळणारा प्राणी नव्हे, त्याला काहीतरी हवं असतं आणि ते शोधत तो येतो, हे यामागचं गृहीतक.

संगीत मासिकांना हे कप्पे इतके चपखल बसतात की सुरुवातीला मलाच संशय आला. 'केरँग' १९८१ मध्ये 'साउंड्स' या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून निघालं, पहिल्या मुखपृष्ठावर एसी/डीसी या रॉक बँडचा गिटारवाला अँगस यंग. हेवी मेटल ऐकणाऱ्या पोरांना बाकीच्या संगीतपत्रांत फारसा मान नव्हता, इथे त्यांना हक्काचं घर मिळालं. हा ओळखीचा कप्पा. 'स्मॅश हिट्स' (१९७८) गाण्यांचे शब्द छापायचं, म्हणजे मैत्रिणींबरोबर म्हणायची सोय. 'क्यू' १९८६ मध्ये आलं ते सीडी घ्यायला लागलेल्या, खिशात पैसे असलेल्या प्रौढ वाचकासाठी. मागच्या पानांवरची परीक्षणं आणि तारे बघायचे आणि दुकानात जायचं. 'मोजो' १९९३ चं, ज्यांचे लाडके कलाकार आता इतिहासात जमा झालेत त्यांच्यासाठी.

इथपर्यंत प्रकरण सुतासारखं सरळ. आता अडलंय ते सांगते.

ही चारही मासिकं कधी ना कधी एकाच कंपनीची होती, एमॅपची. २००८ च्या सुरुवातीला जर्मनीच्या बावरने एमॅपचा मासिकांचा आणि रेडिओचा धंदा विकत घेतला, तेव्हा 'क्यू', 'मोजो' आणि 'केरँग' तिकडे गेली ('स्मॅश हिट्स' २००६ मध्येच बंद पडलं होतं). म्हणजे तेराव्या वर्षी 'स्मॅश हिट्स', सोळाव्या वर्षी 'केरँग', तिशीत 'क्यू', पन्नाशीत 'मोजो', आणि पैसे एकाच गल्ल्यात! वाचकाला वाटतंय मी निवडतोय. प्रकाशकाने मात्र वयाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यावर एकेक मासिक आधीच मांडून ठेवलंय. माझ्या मार्गदर्शकांचा आराखड्यावरचा शेरा असाच आहे: "निवड कुठे आहे ते दाखवा."

दुसरी अडचण 'एनएमई'ची ('न्यू म्युझिकल एक्सप्रेस'). १९५२ पासूनचं साप्ताहिक. ब्रिटनमधला पहिला सिंगल्स चार्ट (सर्वाधिक खपाच्या गाण्यांची यादी) यांनीच त्या वर्षीच्या नोव्हेंबरात छापला, रेकॉर्डच्या दुकानांना फोन करकरून. साठच्या दशकात खप तीन लाखांवर गेला होता. २०१५ पर्यंत तो १५ हजारांच्या आसपास आला, तेव्हा त्यांनी अंक फुकट केला. पहिल्या फुकट अंकावर रिहाना, वाटप तीन लाखांहून जास्त. आणि मार्च २०१८ मध्ये छापील साप्ताहिक बंद.

तीन लाख हातांत पडत असताना बंद? वाचकाची गरज भागत होती म्हणावं तर बंद का झालं, भागत नव्हती म्हणावं तर इतके लोक घेत का होते? या एका ठिकाणी माझा सगळा डोलारा डगमगतोय. कोणी वाट दाखवेल का? पुस्तकं, लेख, अनुभव, काहीही चालेल.

आगाऊ आभार.

प्रतिसाद: दगडोबा

यात एवढं काय आहे? इंटरनेट आलं, मासिकं गेली. संपला प्रबंध.

प्रतिसाद: धागाकर्ती

दगडोबा, मग 'मोजो' अजून का निघतंय? १९२३ पासूनचं 'ग्रामोफोन' का निघतंय? इंटरनेट सगळ्यांनाच आलं होतं ना.

प्रतिसाद: जाहिरातवाला

मी आयुष्यभर मासिकांसाठी जाहिराती गोळा केल्या (संगीताच्या नाही, पण धंदा तोच). तुमच्या 'एनएमई'च्या कोड्याचं उत्तर थिअरीत मिळायचं नाही, ते बिलबुकात आहे.

विकत घेतलेल्या अंकाचे दोन गिऱ्हाईक असतात, वाचक आणि जाहिरातदार. अंक फुकट केला की गिऱ्हाईक एकच उरतो. वाचक मग गिऱ्हाईक राहत नाही, तो माल होतो. स्टेशनाच्या दारात कोणी हातात अंक दिला आणि तुम्ही तो घेतला, ही निवड नव्हे. नाही म्हणायचा कंटाळा आला, इतकाच त्याचा अर्थ. आणि जाहिरातदाराला हा फरक पक्का कळतो. पदरचे पैसे मोजून घेतलेला अंक माणूस घरी नेतो, दोनदा चाळतो, कपाटात ठेवतो. फुकटचा अंक उतरताना सीटवर राहतो. ब्रिटनमध्ये खपाची तपासणी एबीसी ही संस्था करते, तिच्या दाखल्यात विकलेल्या आणि फुकट वाटलेल्या प्रती वेगळ्या दाखवतात ते उगाच नाही. तीन लाख छापायचे म्हणजे कागद, छपाई, वाहतूक तीन लाखांची. विक्रीचं उत्पन्न शून्य. जाहिरातीचा दर जरा घसरला की खेळ खलास.

दुसरं, तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. 'एनएमई'ची मालक कंपनी (पूर्वीची आयपीसी, तेव्हाची टाइम इंक यूके) एपिरिस या खासगी गुंतवणूकदार कंपनीला विकायचा करार फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीर झाला आणि छापील अंक बंद होण्याची बातमी मार्चमध्ये आली. एकामुळेच दुसरं झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण प्रबंधात मालकीवर एक प्रकरण हवंच. आयपीसीनेच २००० च्या अखेरीस 'मेलडी मेकर' बंद करून 'एनएमई'त मिसळलं. १९२६ पासूनचं पत्र ते. जे आठवड्याला ठरवून 'मेलडी मेकर' घेत होते त्यांची निवड कोणी रद्द केली? वाचकांनी नाही. खप उतरला होता हे खरं, पण घरात दोन भांडणारी पोरं ठेवायची की एक, हे मालकाने ठरवलं.

प्रतिसाद: चष्मिष

जाहिरातवाल्यांचा प्रतिसाद मस्त. फक्त 'उत्तर थिअरीत मिळायचं नाही' याला माझी हरकत. थिअरीची पुढची पायरी बघा.

पामग्रीन आणि मंडळींनी ऐंशीच्या दशकात 'शोधलेलं समाधान' आणि 'मिळालेलं समाधान' अशी फोड केली. माणूस काय अपेक्षा घेऊन येतो आणि प्रत्यक्षात त्याला काय मिळतं, यातलं अंतर मोजा. फुकट 'एनएमई'ला ही फोड लावून बघा. शोधत कोणी आलंच नव्हतं, थोडंफार मिळालं असेल. मग वाटप आणि गरज यांचा संबंध तुटला तरी थिअरी तुटत नाही. ती फक्त 'वाटलेली प्रत म्हणजे वाचक' हे मानायला नकार देते. मार्गदर्शकांना हेच सांगा.

शिवाय बर्नार्ड बेरलसनचं काम वाचाच. १९४५ मध्ये न्यूयॉर्कला वर्तमानपत्र पोचवणाऱ्यांचा संप झाला, तेव्हा याने लोकांना विचारलं, पेपर नाही तर नेमकं काय चुकल्यासारखं वाटतंय? गंभीर बातम्या महत्त्वाच्या आहेत असं जवळपास सगळे म्हणाले, पण अमुक बातमी वाचायची राहिली असं सांगणारे थोडेच. बाकीच्यांना सवय मोडल्याची रुखरुख होती, चारचौघांत बोलायला विषय नव्हता, रिकामा वेळ अंगावर येत होता. एखादं मासिक कशासाठी होतं हे ते नसताना कळतं. तुमच्याकडे तर बंद पडलेल्या मासिकांची रांगच आहे. 'क्यू' जुलै २०२० मध्ये बंद झालं. त्याचे जुने वाचक शोधा आणि आता ती जागा कशाने भरली ते विचारा.

एक इशारा. "तुम्ही हे का वाचता?" असं थेट विचारलंत की लोक शोभेल असं उत्तर देतात. या थिअरीवरची सगळ्यात जुनी टीका हीच आहे. त्यापेक्षा "अंक हातात आला की आधी कुठलं पान उघडायचात?" असं विचारा.

प्रतिसाद: बी_साइड

आधी कुठलं पान? मागचं! चष्मिष यांनी माझ्या मनातलं काढलं.

या साप्ताहिकांच्या मागच्या पानांवर बारीक टायपात छोट्या जाहिराती असायच्या. ड्रमर पाहिजे, गायक पाहिजे, व्हॅन भाड्याने मिळेल. तुमच्या चार कप्प्यांत हा उपयोग धड बसत नाही, पण अनेकांसाठी अंक घ्यायचं कारण तेच. १९६७ मध्ये लिबर्टी रेकॉर्ड्सने 'एनएमई'त नव्या कलाकारांसाठी जाहिरात दिली. तिला एका पियानोवाल्याने उत्तर दिलं, त्याला चाली जमत पण शब्द जमत नसत, आणि दुसरीकडून शब्द लिहिणाऱ्या एका पोराने. एल्टन जॉन आणि बर्नी टॉपिनची गाठ अशी पडली. १९८९ मध्ये स्वेड बँडला बर्नार्ड बटलर हा गिटारवाला 'एनएमई'तल्या जाहिरातीतूनच मिळाला. आवडते बँड कुठले त्यांची नावं आणि वर "नो म्यूझोज" असा दम! म्हणजे तंत्राचा तोरा मिरवणाऱ्यांनी येऊ नये. चार ओळींत गरजही सांगितली आणि कुठल्या कळपातले तेही सांगितलं.

आता बघा, ही पानं वेबसाइट्सनी खाल्ली. कुठे कोण वाजवतंय याची यादी, तीही गेली. 'क्यू'चे तारे? परीक्षण वाचायचं कारण काय होतं, तर पैसे टाकण्याआधी अल्बम ऐकायची सोय नव्हती. स्पॉटिफाय आल्यावर तीन मिनिटांत स्वतःच ऐकून ठरवता येतं, मग तारे कोणाला हवेत? 'मोजो'ची गोष्ट निराळी. त्याच्या वाचकाला काय घ्यावं हे विचारायचंच नसतं, अल्बम त्याच्याकडे केव्हाचा आहे. त्याला तो अल्बम कसा ध्वनिमुद्रित झाला यावर बारा पानं हवी असतात, आणि सोबतची सीडी. ते काम अजून कोणी फुकटात नीट करत नाही. 'कुठलं मासिक जगलं' हे बघू नका, 'कुठली गरज दुसरीकडे स्वस्तात भागायला लागली' हे बघा.

प्रतिसाद: धागाकर्ती

अरे वा, एका दिवसात एवढं! जाहिरातवाले, चष्मिष, बी_साइड, तिघांचेही मनापासून आभार.

आता असं करावं म्हणतेय. मासिकागणिक प्रकरणं पाडायची नाहीत, गरजांगणिक पाडायची: खरेदीचा सल्ला, टोळीची ओळख, माणसं गाठणं, इतिहास. प्रत्येक गरज कुठल्या पानावर भागायची, ते पान प्रकाशकाला परवडायचं कसं, आणि पुढे ती गरज कुठे गेली. टोळीच्या प्रकरणात 'एनएमई'चं ऑगस्ट १९९५ चं ब्लर विरुद्ध ओएसिस (दोन प्रतिस्पर्धी बँड) मुखपृष्ठ घेईन, बॉक्सिंगच्या पोस्टरसारखं केलेलं. तिथे बाजू घ्यायची हौस वाचकाची, पण आखाडा आखला तो संपादकांनी. मार्गदर्शकांच्या शेऱ्याला उत्तर बहुतेक तिथेच मिळेल.

एक शंका उरली. मागच्या पानांवरच्या जाहिराती बघायच्या तर पूर्ण अंक हवेत, नुसते लेख उपयोगाचे नाहीत. ते कुठे मिळतील?

प्रतिसाद: चष्मिष

'रॉक्स बॅकपेजेस' हा संग्रह तुमच्या विद्यापीठाच्या लायब्ररीतून उघडतो का बघा, पण तिथे मुख्यतः लेखांचा मजकूर असतो, जाहिराती नाहीत. पूर्ण पानांसाठी 'वर्ल्ड रेडिओ हिस्टरी' या साइटवर 'मेलडी मेकर' आणि 'एनएमई'चे बरेच जुने अंक स्कॅन करून ठेवलेत, फुकट. फाइली जड आहेत, शिवाय शोधपेटीवर विसंबू नका, बारीक टाइप तिला नीट वाचता येत नाही. एखादं वर्ष ठरवा आणि प्रत्येक अंकाची शेवटची पानं डोळ्यांखालून घाला.

प्रतिसाद: जाहिरातवाला

आणि ती पानं बघताना जाहिरात किती इंचांची आहे तेही टिपून ठेवा. अंकात दरपत्रक छापलेलं असलं तर सोन्याहून पिवळं. लागलं तर व्यनि (खासगी निरोप) करा, हिशेब कसा मांडायचा ते सांगतो.

प्रतिसाद: दगडोबा

बरं, 'ग्रामोफोन' का निघतंय ते पण कोणीतरी सांगा आता. मी विचारलं नव्हतं, पण उत्सुकता लागलीय.