खाडीतल्या बोटींचा मैला: आधी उपशाची सोय, मग परवाना

पारसिककर

मुंबई-ठाण्याच्या खाडीतल्या जलवाहतुकीचा विषय निघाला की तिकीट, वेळ आणि पार्किंगवर तावातावाने चर्चा होते. बोटीतल्या संडासाचं पाणी कुठे जातं, हे मात्र कोणी विचारत नाही.

बेलापूरहून वॉटर टॅक्सी फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. तिची पुढची रडकथा इथे उगाळत नाही. कल्याण-ठाणे-मुंबई या राष्ट्रीय जलमार्ग ५३ वर कोलशेत, काल्हेर, डोंबिवलीच्या जेट्ट्या आखलेल्या आहेत, म्हणजे आज ना उद्या प्रवासी बोटी वाढणार. मोठ्या बोटीत संडास असतोच. एकतर तो थेट पाण्यात सुटतो, नाहीतर खाली मैल्याची टाकी असते. टाकी भरली आणि धक्क्यावर ती उपसायची सोय नसली, तर ती अंधारात खाडीतच रिकामी होणार. खलाशाला शिव्या घालून काय उपयोग? त्याने ती घरी न्यायची का?

२०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात बोटीतून मैला सोडायला बंदी आहे. प्रवासी आणि माल धक्क्यांवर असा मैला उतरवून घेण्याची सोय असावी, असंही त्यात आहे. बंदीचा फलक लावायला खर्च नाही, म्हणून तो आधी लागेल आणि उपशाचा पंप राहून जाईल, ही माझी भीती. म्हणून म्हणतो, ज्या धक्क्यावर उपशाची सोय नाही, तिथून संडास असलेल्या बोटीला परवानाच देऊ नका.

---

साधा_हिशेब

वाचून हसू आलं. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाखांवर, नवी मुंबई ११ लाखांवर. पलीकडे मुलुंड, भांडुप, विक्रोळी, मानखुर्द. या सगळ्यांचे नाले खाडीला मिळतात, वर टीटीसीचे, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातले कारखाने. त्यात बोटींवरच्या दोन-तीनशे माणसांचा मैला कितीसा? कळव्याच्या पुलावर उभं राहून ओहोटीचा वास घ्या, तो बोटींचा नाही.

शिवाय भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येतेच. जलवाहतूक कशीबशी तग धरतेय, तिच्या गळ्यात आणखी एक अट बांधा, म्हणजे सगळे पुन्हा वाशी पुलावर गाड्या घेऊन उभे. त्या धुराचं काय?

---

इंजिनरूम

मी जहाजावर नोकरी केली आहे, त्यामुळे थोडी भर. आंतरराष्ट्रीय फेऱ्यांच्या जहाजांना मार्पोल कराराचं (जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखणारा आंतरराष्ट्रीय करार) मैल्याबद्दलचं चौथं परिशिष्ट लागू आहे, २००३ पासून. ४०० टनांवरचं जहाज किंवा १५ पेक्षा जास्त माणसं नेणारं. मैला बारीक करून, जंतुनाशक घालून सोडायचा तर जवळच्या जमिनीपासून ३ सागरी मैलांपलीकडे. तसाच सोडायचा तर १२ मैलांपलीकडे, तोही साठवलेला असेल तर एकदम नाही, हळूहळू, जहाज निदान ४ नॉट (तासाला ४ सागरी मैल) वेगाने चालत असताना. नाहीतर जहाजावरच मान्यताप्राप्त शुद्धीकरण यंत्र हवं.

ठाणे खाडीत कुठेही उभे राहा, ३ मैलांच्या आत जमीन आहेच. उघड्या समुद्रात जो मैला पातळ होऊन विरतो, तो इथे चिखलावर बसतो. बोटीतला मैला घरातल्यापेक्षा दाटही असतो, कारण फ्लशला पाणी कमी वापरतात.

भरती धुऊन काढते, हे खाडीच्या तोंडाशी बऱ्यापैकी खरं. ठाण्याच्या बाजूला खाडी चिंचोळी आणि उथळ होत जाते. तिथलं पाणी ओहोटीला थोडं खाली सरकतं आणि पुढच्या भरतीला बरंचसं तेच परत येतं.

---

दिवाळे_बंदर

मला एकच विचारायचं हाय. नियम आला की पहिली बोट कोणाची पकडणार? आमची. होडीत ना संडास, ना टाकी, आणि कागद मागायला साहेब आमच्याच बंदरावर येणार. मोठ्या लाँचच्या मालकाला कोण हात लावतो?

पण साधा_हिशेब, तुमचं गणितपण मला पटत नाय. शिंपल्या, कालवं पाणी गाळून खातात. पाण्यात जे जंतू असतील ते त्यांच्या पोटात साठतात. कावीळ, टायफॉइड असाच घरात येतो. नाल्याचा मैला वेगळा आणि बोटीचा वेगळा, असं काय कालव्याला कळतं? बोट तर नेमकी जिथं आम्ही शिंपल्या काढतो तिथंच नांगर टाकते.

---

पारसिककर

दिवाळे_बंदर, म्हणूनच मी "संडास असलेल्या बोटीला" असं लिहिलं. बिनसंडासाच्या होड्या यात येताच कामा नयेत, आणि हे नियमात शब्दशः लिहिलेलं हवं.

साधा_हिशेब, नाले आधी अडवा हे मान्यच. पण नाल्याला शेकडो तोंडं आहेत आणि ती बांधायला पिढी जाते. प्रवासी धक्के बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि त्यातले बरेच अजून बांधायचेच आहेत. पाइप आत्ता टाकला तर स्वस्त, फरशी बसल्यावर तीच फोडावी लागते. आपल्याकडे हा खेळ नवा नाही. ठाणे खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. एवढं नाव झालेल्या पाण्यात नवा मैला कशाला?

---

साधा_हिशेब

बाहेरचं उदाहरण मीही देतो. कॅलिफोर्नियात कॅटलिना बेटावर अव्हलॉन नावाचं बंदर आहे. तिथे बोट आली की बंदराचा माणूस तिच्या संडासात रंगाची गोळी टाकतो. पाण्यात रंग दिसला की दंड, आणि बोट बाहेर. इतका कडक कारभार. तरी तिथला किनारा कित्येक वर्षं राज्यातल्या घाणेरड्या किनाऱ्यांच्या यादीत होता. शोधल्यावर निघालं काय, तर गावातलीच जुनी गटारं जमिनीखाली गळत होती. बोटीवाले बिचारे फुकट बदनाम!

---

इंजिनरूम

उदाहरण खरं आहे, पण अर्धंच वाचलंत. बोटींवर शंका उरली नाही म्हणूनच गटाराकडे बोट दाखवता आलं ना? आपल्याकडे नमुना खराब आला की महापालिका म्हणते बोटी, बोटवाले म्हणतात नाले, आणि फाइल बंद.

---

प्लँटवाला

सांडपाणी प्रक्रिया केंद्रात काम करतो, म्हणून व्यवहाराचं बोलतो. सेप्टिक टँक उपसणारा टँकर धक्क्यावर आणला तरी सुरुवात होते. अडचणी वेगळ्या आहेत. पहिली ओहोटीची. धक्का उंच आणि बोट चार-पाच मीटर खाली जाते. निर्वात पंप सात-साडेसात मीटरच्या पुढे ओढत नाही, आणि लांब नळी, दाट मैला असला की त्याच्या आधीच दम टाकतो. तरंगता धक्का असेल तर प्रश्नच नाही, नाहीतर वेळ भरतीचीच ठेवावी लागेल.

दुसरी, संडासात वास मारायला टाकतात ते औषध. त्यात फॉर्मॅल्डिहाइड असेल तर आमच्या केंद्रातले मैला खाणारे जिवाणू मरतात. ते औषध बंदच करा. समुद्राच्या पाण्याने फ्लश केलं तर मीठ येतं, पण एखाद-दुसऱ्या टँकरचं मीठ शहराच्या सांडपाण्यात जाणवणारही नाही.

---

साधा_हिशेब

आणि टँकरचे पैसे? तिकिटावर बसवणार असाल तर मी विरोधातच आहे. आधीच परवडत नाही म्हणून लोक चढत नाहीत.

---

पारसिककर

तिकिटावर नको, धक्क्याच्या भाड्यात घ्या. बोट लावायचे पैसे मालक भरतोच, त्यात महिन्याचे ठरावीक उपसे धरा. वापरले नाहीत तरी पैसे गेलेले, मग कोण कशाला खाडीत सोडेल? वर महिन्याची उपशाची पावती दाखवल्याशिवाय परवान्याचं नूतनीकरण नाही.

---

साधा_हिशेब

भाडं वाढलं की मालक ते तिकिटावरच टाकणार. धक्का सरकारी आहे, पंपही सरकारने चालवावा.

---

दिवाळे_बंदर

पावतीचं चालेल. पण पावती तपासायला जो येईल त्याने आधी प्रवासी जेट्टीवर जायचं, मग आमच्याकडं. आणि होडीला सूट हाय, हे मराठीत मोठ्या अक्षरात बंदरावर लावा. नायतर पहिल्याच महिन्यात आमच्याच पोराच्या हातात चलान पडंल.