ट्रेलरच्या खोलीला एसी: १३,५०० की १५,०००?

डेंटनकर
परवा माळरान यांनी लिहिलं, “घोड्याच्या ट्रेलरमधल्या, माणसांनी राहायच्या पुढच्या खोलीला एसी ही चैनच. घ्यायचाच तर सरळ १५,००० बीटीयू घ्या, विचार करू नका.” हे वाचून नवखी माणसं पैसे घालवतात, म्हणून सविस्तर लिहितोय. बीटीयू म्हणजे एसीची गार करण्याची ताकद. आठ फुटी खोलीला १३,५०० पुरतो. मोठं युनिट हवा झटकन गार करून थांबतं, दमटपणा तसाच राहतो, गादी ओलसर लागते. शिवाय ३० अँपिअरच्या जोडणीवर जेमतेम ३,६०० वॉट मिळतात. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि कॉफीचं मशीन एकदम लावा, ब्रेकर पडलाच म्हणून समजा.

बसवणं अवघड नाही. छतावरच्या व्हेंटचं सव्वाचौदा इंची चौकोनी भोक बहुधा तसंच वापरता येतं. गॅस्केटखाली, म्हणजे एसीखालच्या फोमच्या पट्टीखाली, सिलिकॉन भरू नका. चारही बोल्ट आलटूनपालटून, थोडे थोडे आवळा. गॅस्केट निम्मं दबलं की थांबा.

माळरान
दमटपणा तुमच्याकडे असेल. आम्ही टेक्सासमधल्या ॲमरिलोचे, इथे हवा कोरडी. भिंतीत इंचभर इन्सुलेशन, वर ॲल्युमिनियमचं छत आणि जुलैचं ऊन! १३,५०० वाला दिवसभर धापा टाकतो, तरी गूसनेकवरचा, म्हणजे पुढे ट्रकवर आलेल्या भागातला, पलंग तापलेलाच. आणि चैन म्हणालो ते उगाच नाही. मागे घोडा घामाने निथळतोय आणि मालक पुढे पांघरूण घेऊन झोपलाय, हे या डोळ्यांनी पाहिलंय. त्या जनावराची बाजू कोण घेणार?

मीरा_ह्यूस्टन
माळरानदादा, घोड्याला रात्रभर ट्रेलरमध्ये ठेवतंच कोण? शोला गेलं की स्टॉल घ्यायचा. फॅरनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज करा. १५० च्या वर गेली तर सांभाळायचं, १८० च्या वर काम बंद. अशा वेळी घोड्याला वारा, पाणी आणि अंगावर ओतलेल्या बादल्या लागतात. बंद डब्यात एसी लावलात तर लघवीचा अमोनिया त्याच्याच नाकात जातो.

माळरान
“ठेवतंच कोण” विचारता? आय-३५ महामार्गावर अपघातामुळे वाहतूक अडली होती. शेजारच्या ट्रेलरच्या सगळ्या खिडक्या बंद. घोडी भिंतीवर लाथा मारत होती, दाराच्या फटीतून नुसता फेस दिसत होता. मालक गाडीत काच वर करून बसलेला. मी जाऊन काच वाजवली तेव्हा कुठे उतरला. पुस्तकी बेरजा मला सांगू नका, ताई.

मीरा_ह्यूस्टन
मग राग त्या माणसावर काढा. खिडक्या उघडायला एसी कशाला हवा? मीही तेच सांगतेय!

वायरमन
भांडण चालू द्या, पण विजेचं ऐका. शोच्या मैदानावर दुपारी सगळे एसी सुरू होतात आणि व्होल्टेज झोपतं. आमच्या खांबावर मीटरने १२० व्होल्टऐवजी १०१ दाखवले, दिवे पिवळे पडले, आणि शेजाऱ्याचा कॉम्प्रेसर घुरघुरून बंद पडला. कमी व्होल्टेजला तोडणारं संरक्षक यंत्र आधी घ्या, बीटीयू नंतर मोजा. जनरेटर लावलात तर त्याचा धूर ना तुमच्या खिडकीत जावा, ना घोड्याच्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

डेंटनकर
ठीक आहे, ॲमरिलोला १५,००० घ्या, मान्य. पण गाव ३,६०० फुटांवर आहे. जनरेटरची ताकद दर हजार फुटांना साधारण साडेतीन टक्के घटते. २,२०० वॉटचा म्हणून विकतात तो सलग १,८०० च देतो, वर गेल्यावर सोळाशेच्याही खाली येतो. एसीला जोडायचं सॉफ्ट स्टार्ट यंत्र फक्त सुरुवातीचा झटका कमी करतं, पुढची भूक तेवढीच राहते. म्हणून “विचार करू नका” हे मागे घ्या.

माळरान
आठ फुटी खोलीपुरतं घेतो. माझी चौदा फुटी आहे आणि जनरेटर मोठा आहे. घोड्याबद्दल बोललो त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही.

मीरा_ह्यूस्टन
तो घेऊही नका. फक्त मागच्या बाजूला एसी बसवा असं कुणाला सांगू नका, छताला पंखे लावायला सांगा.