मंडळी सोडून राष्ट्रीय कामाला जावं का? अनुभवी पाळकांना विचारतोय

नगरचा_पाळक

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

मी सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) नाशिक धर्मप्रांतातला प्रेझबिटर, म्हणजे दीक्षा झालेला पाळक, वय ३४. गेली पाच वर्षं नगर जिल्ह्यातल्या एका पास्टरेटमध्ये आहे. गावात एक मोठी मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा ख्रिस्ती समाज, आणि वस्त्यांवरच्या चार लहान, सगळ्या मिळून एक पास्टरेट. गेल्या महिन्यात नागपूरहून विचारणा झाली. तरुणांमधलं काम आहे, देशभर फिरावं लागेल. बिशपसाहेब म्हणाले, घाईनं हो म्हणू नको आणि घाईनं नाहीही म्हणू नको.

पत्नी इथल्याच शाळेत शिकवते, मुलगी पहिलीत आहे. घरात अजून कुणाचं एकमत नाही. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या सभासदांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, "म्हणजे आता तुम्ही मोठे होणार." ते ऐकून मला आनंद व्हायच्या ऐवजी कसंतरीच झालं.

विचारायचं हे आहे. ही वाट पुढे कुठे जाते? पाळक, मग राष्ट्रीय काम, मग बिशप, मग मॉडरेटर (सगळ्या सीएनआयचा प्रमुख) अशी शिडी असते का? आणि मंडळीतून निघाल्यावर पाळकपण टिकतं का? दुसरा प्रश्न जास्त छळतोय.

मनमाडकर

सलाम पाळकसाहेब. मी पाळक नाही, पण दोनदा धर्मप्रांताच्या कौन्सिलवर सभासदांचा प्रतिनिधी होतो. पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो.

शिडी अशी नाही. आपल्यात डीकन, प्रेझबिटर आणि बिशप अशा तीन दीक्षा, बाकी सगळी कामं. बिशप नेमताना धर्मप्रांताची कौन्सिल नावं पुढे करते आणि नेमणूक सिनडच्या, म्हणजे सगळ्या सीएनआयच्या सर्वोच्च सभेच्या, पातळीवर होते. तिथे नागपूर-दिल्लीला काम केलेलं असलंच पाहिजे असं काही नाही. मॉडरेटर बिशपांमधूनच निवडतात, ठरावीक मुदतीसाठी, आणि त्या काळात तो आपल्या धर्मप्रांताचा बिशपही राहतो. पहिले मॉडरेटर एरिक नासिर दिल्लीचे बिशप होते. उलट सिनडचा जनरल सेक्रेटरी व्हायला बिशप असावं लागत नाही.

तुम्हाला नागपूरहून बोलावणं आलंय म्हणजे बहुधा एनसीसीआयचं (नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया) असावं. ती सीएनआयची शाखा नव्हे. प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मिळून सीएनआयसारख्या तीसेक चर्च-संस्थांची ती परिषद आहे, १९१४ पासूनची. तिथे सीरियन परंपरेचे लोक भेटतील, लुथरन भेटतील, ईशान्येकडचे बॅप्टिस्ट भेटतील. तिथून बिशपपदाकडे सरळ रस्ता जात नाही, एवढं नक्की. पदासाठी जाणार असाल तर जाऊ नका. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही.

निवृत्त_शेवगाव

पाळकसाहेब, सलाम. मी या वाटेनं जाऊन परत आलेला माणूस आहे. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

जबलपूरच्या लिओनार्ड धर्मशास्त्र महाविद्यालयातून बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) करून १९८८ साली परतलो आणि शेवगावकडच्या पास्टरेटवर नेमणूक झाली. अकरा वर्षं तिथेच. बदलीचं पत्र दोनदा आलं, दोन्ही वेळा मंडळीनं बिशपसाहेबांकडे माणसं पाठवून थांबवलं. तुम्हाला तो भाग माहीत आहेच. दिवाळी झाली की निम्मी मंडळी ऊसतोडीला जाते. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, लेकरं गाडीत. मार्चपर्यंत पुढचे बाक रिकामे. सुरुवातीला मी त्या रिकाम्या बाकांसमोरच उपदेश करत राहिलो. तिसऱ्या वर्षी महिला मंडळाच्या एका बाईंनी विचारलं, "साहेब, गेलेली मानसं मंडळीत मोजायची का न्हाई?" मग मीच कारखान्याच्या तळावर जायला लागलो.

१९९३ चा नाताळ मी अशा तळावर केला. पाचटाच्या कोप्या, चुलींचा धूर, बाजूला वाढं खाणारे बैल. प्रभुभोजनाचा प्याला घरी विसरलो होतो, एका कोपीतून स्टीलचा पेला आला. कंदील लावला, भजन सुरू झालं, मी लूकचा दुसरा अध्याय वाचायला घेतला आणि तेवढ्यात ट्रक आला. ट्रक आला की भरावाच लागतो, मग रात्र असो की नाताळ. गडी उठून गेले. बाया आणि लेकरं राहिली. मी उपासना पुढे चालवणार, तर एक म्हातारी म्हणाली, "थांबा साहेब, गाडी भरून येऊ द्या त्यास्नी." थांबलो. रात्री दोनच्या सुमारास गडी आले, हाताला उसाचा चिकटा, कुणाच्या कानाशी पाचटानं कापलेलं. हात धुवायला पाणी पुरेना. तसेच बसले, आणि मी भाकर मोडली.

हे एवढं का सांगतो? १९९९ साली मला राष्ट्रीय पातळीवरच्या कामाला बोलावणं आलं, सामाजिक प्रश्नांच्या विभागात. पहिलं वर्ष फार जड गेलं. कामकाज इंग्रजीत. मला वाचता येत होतं, लिहिता येत होतं, पण सभेत बोलायची वेळ आली की निम्मं म्हणणं तोंडातच राहायचं. मेघालयचे, केरळचे लोक सहज बोलत. मला वाटायचं, आपण चुकून इथे आलो. मग एका बैठकीत स्थलांतरित मजुरांविषयी मंडळ्यांना पाठवायच्या निवेदनाचा मसुदा समोर आला. त्यात एक वाक्य होतं: मजुरांना रविवारच्या उपासनेत आपुलकीनं सामावून घ्यावं. मी हात वर केला आणि मोडक्या इंग्रजीत, मग हिंदीत, तो ट्रक सांगितला. म्हणालो, त्यांना रविवारच नाही, तुम्ही बोलावताय कुणाला? खोलीत शांतता झाली. झारखंडचे एक पाळक होते, ते वीटभट्ट्यांवरचं सांगायला लागले. त्या दिवशी ते वाक्य बदललं. 'त्यांना बोलवावं' याच्या जागी 'त्यांच्याकडे जावं, त्यांच्या वेळेला जावं' असं आलं.

तेव्हा मला कळलं की माझ्याजवळ बोलायला जे आहे ते सगळं शेवगावनं दिलेलं आहे.

दाखल्याचंही तसंच. आपल्या प्रत्येक पाळकाकडे हा प्रश्न येतो. बारावी झालेला पोरगा येतो, बाप सोबत असतो. शाळेच्या दाखल्यावर हिंदू आणि जात लिहिलेली, पोरगा लहानपणापासून शब्बाथ शाळेत वाढलेला. त्याला मनापासून बाप्तिस्मा घ्यायचाय, आणि बाप हळूच विचारतो, "साहेब, वहीत नाव लिहावंच लागतं का?" मी नाव लिहायचो, कारण न लिहिणं मला खोटं वाटायचं. पण दोन पोरांच्या सवलती गेल्या त्याचं दुःख आजही आहे. पास्टरेटमध्ये असताना मला हा एकेका घराचा प्रश्न वाटायचा. तिकडे गेल्यावर १० ऑगस्ट १९५० चा तो आदेश हातात आला. अनुसूचित जातींचा दर्जा आधी फक्त हिंदूंना, १९५६ साली शिखांना, १९९० साली बौद्धांना, ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगानं धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली, तरी ती तशीच आहे. दरवर्षी १० ऑगस्टला काळा दिवस पाळतात, त्या मोर्च्यात मी उभा राहिलो की मला घोषणांच्या आधी त्या बापाचा आवाज ऐकू यायचा. राष्ट्रीय काम असतं ते हे. वस्तीवरचा प्रश्न दिल्लीत नेऊन मांडणं, आणि दिल्लीत काय झालं ते वस्तीवर येऊन समजेल अशा मराठीत सांगणं. दुसरं काम पहिल्याहून कठीण आहे आणि पुष्कळजण ते सोडून देतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पाळकपण आपोआप टिकत नाही. गेल्यावर पहिल्या रविवारी मी एका चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात रविवारी काही काम नव्हतं. मला कुणी ओळखत नव्हतं, मी कुणाच्या घरचं आजारपण विचारू शकत नव्हतो. त्याच वर्षी माझ्या जुन्या मंडळीतली ती म्हातारी वारली, गाडी भरून येऊ द्या म्हणणारी. मी गुवाहाटीला होतो. निरोप मिळाला तेव्हा माती देऊन तीन दिवस झाले होते. ती चूक माझीच. जाताना मी कुणाला सांगूनच ठेवलं नव्हतं की मला कधीही कळवा.

त्यानंतर जिथे राहत होतो तिथल्या पाळकांना जाऊन भेटलो आणि म्हणालो, मला महिन्यातला एक रविवार द्या आणि दवाखान्यातल्या भेटी द्या. सात वर्षं ते केलं. फिरती कितीही असो, तो एक रविवार सोडला नाही. २००६ मध्ये परत पास्टरेट मागून घेतलं. काहीजण म्हणाले, खाली का येता? मला त्यात खाली काही दिसलं नाही.

तुम्ही गेलात तर मुदत लेखी घ्या, आणि परत आल्यावर धर्मप्रांतात तुमची जागा काय हे बिशपसाहेबांशी आधी बोलून ठेवा. नुसत्या तोंडी शब्दावर राहू नका, माणसं बदलतात.

पाळकाची_लेक

वरच्या काकांचं वाचून डोळे भरून आले. माझे वडीलही असेच राष्ट्रीय कामावर गेले होते, मी तेव्हा सहावीत.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. बदली पाळकाची होते, पण मंडळी पाळकीणबाईंचीही सुटते. माझी आई चौदा वर्षं महिला मंडळ चालवत होती. शहरातल्या क्वार्टर्समध्ये आलो आणि तिला कुणी 'बाई' म्हणेनासं झालं. बाबा महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. ती संध्याकाळी 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक उघडून एकटीच म्हणत बसायची. बाबांना हे दोन वर्षांनी कळलं. तुमच्या पत्नीची नोकरी आहे, तिथे तिचीही माणसं आहेत. तिला विचारताना 'चालेल ना?' असं विचारू नका. 'तू तिथे काय करशील?' असं विचारा.

आणि मुलीला सोबत एखाद्या सभेला न्या. मी बाबांबरोबर एकदा गेले होते, तिथे पहिल्यांदा एका बाईंना प्रभुभोजन देताना पाहिलं. दक्षिणेत पुष्पा ललिता २०१३ साली बिशप झाल्या, आपल्या सीएनआयमध्ये व्हायोलेट नायक २०२४ साली ओडिशातल्या फुलबाणीच्या. ती बातमी आली तेव्हा मला तीच सभा आठवली.

नगरचा_पाळक

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं उत्तर रात्री पत्नीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ट्रकच्या तिथे मी थांबलो, तर ती म्हणाली पुढे वाचा. ताई, तुम्ही सांगितलेला प्रश्न आज सकाळी विचारला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "हे आधी विचारायचं होतं." अजून बोलणं चालू आहे.

काका, एकच विचारतो. तुम्ही निघालात तेव्हा तळावरच्या उपासनेचं काय झालं? आमच्याही दोन वस्त्या दिवाळीनंतर रिकाम्या होतात आणि तिकडे जाणारा सध्या मी एकटाच आहे.

निवृत्त_शेवगाव

पहिले दोन हंगाम कुणीच गेलं नाही. माझ्यानंतरच्या पाळकांकडे तीन पास्टरेटं होती, त्यांना दोष देत नाही. तिसऱ्या वर्षी मंडळीतल्याच दोन तरुणांनी सुरू केलं. त्यातला एक स्वतः कोयत्यावर जाणारा होता. तो तळावरच राहायचा, म्हणून ट्रक कधी येणार हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असायचं. प्रभुभोजनापुरतं पाळकांना बोलवत, बाकी वाचन, भजन, प्रार्थना तेच चालवत.

तुमच्या वस्त्यांवर असा कोण आहे ते आत्ताच शोधा. हंगामाला अजून वेळ आहे, तोवर त्याला सोबत घेऊन फिरा. नागपूरला जा किंवा जाऊ नका, हे मात्र या दिवाळीच्या आत करा.