१५० खाटांपासून दहा हजारांपर्यंत: दूरदृष्टी म्हणे!

पारसिक_कट्टा
काल इथे अपोलो रुग्णालयांच्या साखळीवर आरती ओवाळणारी पोस्ट आली. १९८३ला मद्रासमध्ये १५० खाटा, आज देशभर दहा हजारांवर, २०१६पासून आपल्या बेलापुरातही. आणि सगळं श्रेय म्हणे संस्थापक डॉ. प्रताप रेड्डींच्या दूरदृष्टीला. सरकारनं काय काय दिलं ते कोण लिहिणार? दिल्लीच्या इंद्रप्रस्थ अपोलोला १५ एकर जमीन, भाडं महिना १ रुपया, वर दिल्ली सरकारचा २६ टक्के हिस्सा. बदल्यात एक तृतीयांश खाटा मोफत ठेवायच्या होत्या. रुग्णालय १९९६ला सुरू झालं आणि शेवटी २००९ला हायकोर्टानं रुग्णालयाला त्या अटीची आठवण करून दिली.

१९८८ची कस्टम्सची सवलतही तशीच. परदेशी यंत्रं बिनशुल्क आणा, पण ४० टक्के बाह्यरुग्ण फुकट तपासा, महिना ५०० रुपयांखालच्या कुटुंबांना १० टक्के खाटा द्या. ही सवलत सगळ्याच खासगी रुग्णालयांना होती. यंत्रं आली, अटी कागदावर राहिल्या.

घोडबंदर_जाम
सवलत सगळ्यांना होती, मग साखळ्या बोटांवर मोजण्याइतक्याच का? १९८३च्या आधी बँका रुग्णालयाला उद्योगच मानत नव्हत्या, कर्ज मिळायचं नाही. ते दार कुणीतरी ठोठावलं ना? आणि सरकारी पर्याय कोणता? कळव्याचं महापालिका रुग्णालय? ऑगस्ट २०२३मध्ये तिथे २४ तासांत १८ रुग्ण गेले. ५०० खाटांवर अख्ख्या जिल्ह्याचा भार.

पारसिक_कट्टा
कळव्याचं नाव घेतलं की खासगीचं पाप धुतलं जातं, हे नवीनच.

तीन_पेट्रोलपंप
दोघंही १९९०मध्ये अडकलात. आता वाढ होते ती बरीचशी विकत घेऊन. मुलुंडला वोक्हार्टचं फोर्टिस झालं ते २००९च्या व्यवहारात, १० रुग्णालयं ९०९ कोटींना. २०१८ला फोर्टिसचीच सूत्रं मलेशियाच्या आयएचएच या रुग्णालय कंपनीकडे गेली. कारण साधं आहे. नवी इमारत सुरू झाली की पहिली काही वर्षं खाटा रिकाम्या आणि पगार चालू. चालतं रुग्णालय घेतलं की डॉक्टर, पेशंट, टीपीएचे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं दावे तपासणाऱ्या संस्थांचे, करार तयार मिळतात. मग नजर भरलेल्या खाटेमागच्या रोजच्या उत्पन्नावर. ऑपरेशन, तपासण्या, इम्प्लांट यांचा पैसा पहिल्या दोन दिवसांत येतो. पाचव्या दिवशी उरतं खोलीभाडं आणि सलाईन. म्हणून डिस्चार्ज लवकर.

नौपाडा_आजी
लवकर कसला! सकाळी दहाला डॉक्टर जा म्हणतात, टीपीएची मंजुरी येईतो संध्याकाळ. त्यात ती रूम रेंटची कात्री, पॉलिसीच्या मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की विम्यात होणारी कपात. तिच्यावर कुणी बोलत नाही.

तीन_पेट्रोलपंप
आजी, घ्या हिशेब. पॉलिसी ५ लाखांची, खोलीची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. घेतली १०,०००ची, ४ दिवस. खोली ४०,०००, सर्जन, ओटी, व्हिजिट मिळून १,६०,०००, औषधं, इम्प्लांट, तपासण्या १,५०,०००. मर्यादा घेतलेल्या खोलीच्या निम्मी, म्हणून पहिल्या दोन रकमांचे निम्मेच मंजूर. खोलीतला फरक २०,०००चा, खिशातून जातात १ लाख! हातमोजे, किट वगैरे 'नॉन-पेएबल', म्हणजे विम्यात न मिळणारं, वेगळं.

घोडबंदर_जाम
हा दोष विमा कंपनीचा. साखळीला कशाला धरता?

पारसिक_कट्टा
खोलीनुसार सर्जनची फी कोण बदलतं? विमा कंपनी? दोघांच्या खोलीत, ट्विन शेअरिंगमध्ये, पित्ताशय लहान असतं का हो?

तीन_पेट्रोलपंप
मुद्दा बरोबर. जे रुग्णालय खोलीप्रमाणे दर बदलत नाही, तिथे ही कपात करता येत नाही, असं २०२०पासून आयआरडीएआयचंच, म्हणजे विमा नियामकाचंच, म्हणणं आहे. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूलाही ती लागू नाही. टीपीएनं सरसकट कापलं असेल तर आधी हे तपासा.

नौपाडा_आजी
आणि त्या १० टक्के गरिबांच्या खाटा? कुठे मागायच्या?

पारसिक_कट्टा
कस्टम्सची ती अट वेगळी. आता १० टक्के खाटा मिळतात त्या राज्याच्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ककखाली, आणि ते फक्त ट्रस्टच्या रुग्णालयांना. कंपनीच्या नावावर असेल तर लागू नाही. बघा, ही खरी दूरदृष्टी.

घोडबंदर_जाम
बरं, सवलतींच्या अटी पाळल्या नाहीत, मान्य. पण २०१७ला सरकारनं औषधी स्टेंट, हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायची जाळी, २९,६०० रुपयांवर आणला तेव्हा साखळ्या बुडाल्या का? नाही ना?

पारसिक_कट्टा
बुडतील कशाला? स्टेंटच्या किमतीला मर्यादा आली, बाकीच्या बिलाला नाही.

नौपाडा_आजी
भांडा तुम्ही. मला एवढंच सांगा, पाच हजारांची खोली रिकामी नाही म्हणाले तर?

तीन_पेट्रोलपंप
ॲडमिशन फॉर्मवर तसं लिहून घ्या, 'पात्र वर्गाची खोली उपलब्ध नाही, बिल खालच्या वर्गाने', सही-शिक्क्यासकट. सही नंतर मागाल तर मिळणार नाही. दरपत्रक लावणं २०२१च्या नियमांनी सक्तीचं आहे, त्याचा फोटोही काउंटरवरच काढा.