किनाऱ्यावरची न्याहारी

ताई, ‘वाटायला आधी आपल्याकडे भरपूर हवं’ हे तुमचं म्हणणं मला तितकंसं पटलं नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला २१वा अध्याय बघा. रात्रभर जाळं टाकून येशूचे शिष्य रिकामेच. पहाटे येशूच्या सांगण्यावरून मचव्याच्या उजव्या बाजूला टाकलं, तर १५३ मोठे मासे! (आकडा नेमका आहे, मोजणारा नक्की कोळीच असणार.) पण आम्हा मालवणकडच्यांना भावतं ते पुढचं. किनाऱ्यावर निखारे आहेत, त्यावर मासळी आणि शेजारी भाकर. पुनरुत्थित, म्हणजे मरणातून उठलेल्या प्रभू येशूने स्वतः रांधलंय. तरीही म्हणतो, तुम्ही आत्ता धरलेल्यांतलेही आणा. त्याच्याकडे कमी होतं म्हणून नव्हे.

आमच्याकडे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना दोराला हात लावणाऱ्याच्या पिशवीतही थोडी मासळी पडते, मग तो वाटेकरी असो वा नसो. रविवारी चर्चमधली मिस्सा (उपासना) आटपून आई त्यातलंच कालवण शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या आजींकडे न्यायची. प्रार्थना वगैरे नंतर. आधी काटे काढून भरवायची. आजी हिंदू, सोमवारी मासे वर्ज्य, म्हणून सोमवारी पेज.